शरणागतांचा अमीर : अब्दुल कादिर

विजयादशमीला घरोघरी शस्त्रांचे पूजन होते. ज्याच्या घरी तलवार नाही तो आपला विळा, कोयता, हातोडा किंवा लेखणी पाटावर मांडतो आणि तिला गंधफूल वाहतो. शस्त्राला पूज्यता येते ती ते कोणाच्या रक्षणासाठी उचलले गेले यावरून, ही जाण या पूजनामागे आहे. शिबी राजाने कपोताला दिलेले अभय आणि प्रभू रामचंद्रांनी बिभीषणाला दिलेला आसरा आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असतो. शरणागताचे रक्षण हा धर्म ज्या पुरुषांनी प्राणपणाने पाळला, त्यांचे स्मरण करण्यास आजच्यासारखा मंगल दिवस दुसरा कोणता?

म्हणूनच आज वाचकांपुढे एका वेगळ्या वीराचे चरित्र ठेवीत आहोत. हा पुरुष जन्माने अरब, श्रद्धेने निष्ठावंत मुसलमान, वृत्तीने सूफी साधक आणि कर्माने योद्धा होता. आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची पंधरा वर्षे तो एका ख्रिस्ती सत्तेशी लढला, आणि पुढे उतारवयाच्या उंबरठ्यावर त्याने हजारो ख्रिस्ती जिवांना आपल्या घरात आसरा देऊन वाचविले. ही दोन्ही कृत्ये आपण एकाच धर्माज्ञेनुसार केली अशी त्याची श्रद्धा होती. या पुरुषाचे नाव अमीर अब्दुल कादिर.

मठातील बालपण

उत्तर आफ्रिकेतील अल्जीरियाच्या पश्चिम भागात मस्कारा नावाचे शहर आहे. त्याच्या जवळील गेतना या खेड्यात १८०८ साली अब्दुल कादिर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मुहियुद्दीन हे कादिरी या सूफी संप्रदायाच्या स्थानिक मठाचे प्रमुख होते. बगदादचे थोर सत्पुरुष अब्दुल कादिर जिलानी यांनी बाराव्या शतकात ज्या परंपरेचा पाया घातला, तीच ही परंपरा. तिचे अनुयायी भारतातही विपुल आहेत. मुलाला नावही त्या सत्पुरुषाचेच मिळाले. माता लल्ला जोहरा ही सुशिक्षित व धर्मशील स्त्री होती. त्या काळी त्या प्रदेशात स्त्रीला अक्षरओळख असणे ही दुर्मीळ गोष्ट होती. आईच्या या संस्कारांचे फळ पुढे रणांगणावरही दिसून आले.

मठात वाटसरूंना अन्न मिळे, तंटे मिटविले जात, विद्यार्थ्यांना शिकविले जाई. अशा वातावरणात वाढलेल्या या बालकाने कुमारवयातच संपूर्ण कुराण मुखोद्गत केले. घोडदौडीतही त्याचा हात धरणारा सवंगडी विरळा. १८२५ साली पित्यासह तो हजच्या यात्रेला निघाला. मक्का, दमास्कस, बगदाद अशी दीर्घ परिक्रमा करून दोघे सुमारे दोन वर्षांनी स्वगृही परतले. ज्या दमास्कसमध्ये त्या तरुण यात्रेकरूने विद्वानांच्या पायाशी बसून श्रवण केले, त्याच नगरीत आपली खरी कसोटी लागणार आहे, हे त्याला तेव्हा कोठून ठाऊक असणार?

राज्य आले चालून

१८३० च्या जुलै महिन्यात फ्रान्सच्या सैन्याने अल्जिअर्स शहर जिंकले आणि तुर्की सुलतानाच्या नावाने चालणारी तेथील राजवट कोसळली. पश्चिमेकडील टोळ्यांना नेता हवा होता. त्यांनी मुहियुद्दीन यांना विनविले; परंतु वार्धक्यामुळे त्यांनी नकार दिला व आपल्या मुलाकडे बोट दाखविले. १८३२ च्या नोव्हेंबरात मस्काराजवळच्या मैदानात टोळ्यांच्या प्रमुखांनी चोवीस वर्षांच्या अब्दुल कादिर यांच्या हातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली. सुलतान ही पदवी त्यांनी स्वीकारली नाही. अमीर, म्हणजे श्रद्धावंतांचा सेनानायक, एवढीच उपाधी धारण केली.

पुढची पंधरा वर्षे म्हणजे एका अखंड संग्रामाचा इतिहास आहे. १८३४ मध्ये फ्रेंच सेनापती देमिशेल याने त्यांच्याशी तह केला. तो मोडल्यावर १८३५ मध्ये माक्ता येथे अमीरांनी फ्रेंच फौजेचा दारुण पराभव केला. १८३७ मध्ये ताफना नदीकाठी सेनापती ब्युजो याच्याशी दुसरा तह झाला आणि अल्जीरियाचा मोठा अंतर्भाग त्यांच्या सत्तेखाली मान्य झाला. या उसंतीत अमीरांनी परस्परांशी भांडणाऱ्या टोळ्यांतून एक राज्य उभे करण्याचा उद्योग आरंभिला. प्रांत पाडले, न्यायाधीश नेमले, नियमित पायदळ उभारले, नाणी पाडली, शस्त्रांचे कारखाने काढले. स्वतः मात्र ते साध्या लोकरी वस्त्रात व तंबूत राहत, आणि आपला खर्च वडिलार्जित मिळकतीतून भागवीत.

१८३९ च्या अखेरीस युद्ध पुन्हा पेटले. ब्युजो पुढे गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि उभी पिके जाळणे, गुरे हाकून नेणे, धान्याची पेवे लुटणे हे त्याचे उघड धोरण होते. अमीरांची शहरे एकामागून एक पडली. तेव्हा त्यांनी तंबूंची एक फिरती राजधानी उभी केली. तिला ‘स्माला’ म्हणत. बायकामुलांसह हजारो माणसे, न्यायालय, कारागीर आणि अमीरांचा जिवापाड जपलेला ग्रंथसंग्रह या तंबूनगरीबरोबर फिरत असे. मे १८४३ मध्ये अमीर दूर असताना फ्रेंच घोडदळाने ती अचानक गाठली. राजधानी गेली, हजारो माणसे कैद झाली, ग्रंथ उधळले गेले.

बंदिवानांचा हक्क

या युद्धात क्रौर्याला सीमा राहिली नव्हती. शत्रूची शिरे कापून आणणाऱ्याला इनाम देण्याची जुनी चाल त्या मुलखात होती. जून १८४५ मध्ये दाहरा येथील गुहेत आसरा घेतलेल्या ऊलाद रियाह टोळीच्या शेकडो माणसांना, स्त्रिया व मुले यांच्यासह, फ्रेंच सेनाधिकारी पेलिसिए याने गुहेच्या तोंडाशी आग पेटवून धुराने गुदमरवून मारले. त्या घटनेने फ्रान्सच्या संसदेतही खळबळ उडाली.

अशा काळात अमीरांनी आपल्या सैन्याला जे नियम घालून दिले ते विस्मयकारक आहेत. शिर आणणाऱ्याला मिळणारे इनाम त्यांनी बंद केले. जो सैनिक शत्रूला जिवंत पकडून सुखरूप आणील त्यालाच बक्षीस मिळेल; आणि त्या कैद्याने मारहाणीची वा अवहेलनेची तक्रार केली तर तेही मिळणार नाही, असा हुकूम निघाला. कैद्यांना सैनिकांसारखेच अन्न मिळावे, त्यांना धर्म बदलण्याची सक्ती होऊ नये असा दंडक होता. स्त्री बंदिवानांची व्यवस्था साक्षात अमीरांच्या मातोश्रींच्या तंबूलगत असे.

१८४१ मध्ये अल्जिअर्सचे कॅथलिक बिशप द्युपुश यांनी एका फ्रेंच कैद्याच्या सुटकेसाठी अमीरांना पत्र लिहिले. अमीरांनी विनंती मान्य केली, परंतु सौम्य शब्दांत एक जाबही विचारला. धर्मगुरू या नात्याने बिशपमहाशयांनी एकाचीच सुटका का मागावी, सर्व ख्रिस्ती कैद्यांची का नाही? आणि फ्रेंच तुरुंगांत खितपत पडलेल्या मुसलमानांचा विसर त्यांना का पडावा? त्या पत्रव्यवहारातून त्याच वर्षी कैद्यांची मोठी अदलाबदल घडून आली. पुढे कैद्यांना घालावयास पुरेसे अन्न उरले नाही, तेव्हा अमीरांनी मोबदला न घेता कित्येकांना सोडून दिले.

या आचरणामागे धर्माचा आधार होता. कुराणात अनाथ, दरिद्री व बंदिवान यांना अन्न देणे हे ईश्वरप्रीत्यर्थ केलेले पुण्यकर्म सांगितले आहे. रणांगणात स्त्रिया, बालके, वृद्ध व मठवासी यांच्यावर हात उचलू नये, असा दंडक इस्लामी धर्मशास्त्रकारांनी घातला आहे. अमीरांनी नवीन काही सांगितले नाही. ग्रंथात असलेले पण युद्धाच्या धुंदीत विसरले गेलेले त्यांनी अमलात आणले. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. युद्धातील जखमींच्या संरक्षणाचा पहिला जिनिव्हा करार झाला तो १८६४ मध्ये. अमीरांचे नियम त्याच्या वीस वर्षे आधीचे आहेत. २०१३ मध्ये अल्जिअर्स येथे रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहभागाने जो परिसंवाद झाला, त्याचा विषय अमीर आणि युद्धकाळातील मानवतेचा कायदा हाच होता.

चरित्रातील डाग

थोरांचे चरित्र सांगताना त्यांच्या उणिवांवर पांघरूण घालणे योग्य नव्हे. १८३८ मध्ये अमीरांनी आपली सत्ता न मानणाऱ्या तिजानी संप्रदायाच्या ऐन माधी या ठाण्याला कित्येक महिने वेढा घातला आणि अखेर त्याची तटबंदी पाडली. सूफी मठात वाढलेल्या पुरुषाने दुसऱ्या सूफी मठावर तोफा रोखाव्यात, हे अनेकांना रुचले नाही.

त्याहून भीषण घटना १८४६ च्या एप्रिलमधील. आदल्या वर्षी सिदी ब्राहिमच्या लढाईत व नंतर पकडलेले अडीचशेहून अधिक फ्रेंच कैदी मोरोक्कोच्या हद्दीजवळ अमीरांच्या तळावर होते. अमीर स्वतः दूरच्या मोहिमेवर होते. तळावर उपासमार होती, फ्रेंच फौजेची धास्ती होती. एका रात्री त्या कैद्यांपैकी बहुतेकांची कत्तल करण्यात आली. हुकूम कोणाचा होता याविषयी तेव्हापासून वाद चालू आहे. अमीरांनी तो दिला नव्हता असेच बहुतेक चरित्रकार मानतात. तथापि ज्याच्या नावाने तळ चालतो त्याच्या माथी त्या पापाचा भार येतोच. ज्या नियमांसाठी अमीरांनी एवढा खटाटोप केला, ते त्यांच्याच माणसांनी त्यांच्या पाठीमागे मोडले. नियम घालून देणे एक आणि उपाशी, भयभीत माणसांकडून तो पाळून घेणे दुसरे, हा कठोर धडा त्यांना येथे मिळाला. दमास्कसमध्ये संकटाच्या घडीला ते स्वतः दारात उभे राहिले, हे पुढे आपण पाहणारच आहोत.

वचनभंग आणि बंदिवास

मोरोक्कोच्या सुलतानानेही पाठ फिरविली, तेव्हा अधिक रक्तपात निष्फळ आहे हे अमीरांनी ओळखले. १८४७ च्या डिसेंबर महिन्यात त्यांनी सेनापती लामोरिसिएर याच्यापुढे शस्त्र खाली ठेवले. अट एकच होती. आपणांस कुटुंबीयांसह अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे जाऊ द्यावे. सेनापतीने वचन दिले आणि अल्जीरियाचा गव्हर्नर जनरल असलेल्या राजपुत्र ओमाल याने त्याला दुजोरा दिला.

जहाज मात्र पूर्वेकडे न जाता फ्रान्सच्या तुलाँ बंदराला लागले. पुढे पो येथील गढी, आणि नोव्हेंबर १८४८ पासून ल्वार नदीकाठचा आंबुआझचा किल्ला, असा हा बंदिवास जवळजवळ पाच वर्षे चालला. थंडी, रोगराई आणि स्वदेशाचा वियोग यांनी त्यांच्या गोतावळ्यातील सुमारे पंचवीस माणसे त्या किल्ल्यात मृत्यू पावली. त्यांत मुलेही होती. त्यांच्या कबरी तेथील बागेत आहेत.

ज्यांनी दिलेला शब्द मोडला, त्यांच्याविषयी मनात विष साठावे अशीच ही परिस्थिती होती. अमीर नमाज, अध्ययन व अध्यापन यांत मग्न राहिले. भेटीस येणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंशी, लेखकांशी, त्यांनी पूर्वी सोडून दिलेल्या फ्रेंच कैद्यांशी ते आदराने बोलत. बिशप द्युपुश यांनी तर त्यांच्या सुटकेसाठी पुस्तिका लिहून लोकमत जागे केले. एका कैद्यासाठी अमीरांनी जे औदार्य दाखविले होते, त्याची अशी परतफेड झाली. अखेर १६ ऑक्टोबर १८५२ रोजी लुई नेपोलियन याने स्वतः आंबुआझला जाऊन सुटकेची घोषणा केली. फ्रान्सविरुद्ध पुन्हा शस्त्र उचलणार नाही, अशी शपथ अमीरांनी घेतली आणि ती मरेपर्यंत पाळली. ज्यांनी वचन मोडले होते त्यांनाच दिलेले हे वचन होते, हे विसरता कामा नये.

तुर्की साम्राज्यातील बुर्सा येथे काही वर्षे काढून १८५५ च्या अखेरीस अमीर दमास्कसला आले. त्यांच्यामागून शेकडो अल्जीरियन कुटुंबेही तेथे येऊन वसली. फ्रान्सकडून त्यांना वर्षासन मिळे. त्यातून ते या निर्वासितांचे व गोरगरिबांचे पोषण करीत. प्राचीन उमय्या मशिदीत ते प्रवचने करीत. तेराव्या शतकातील महान सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी हे त्यांचे परमगुरू. त्यांच्या विशाल ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करण्यासाठी अमीरांनी दोघा विद्वानांना कोन्या येथे मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहण्यास धाडले आणि स्वखर्चाने तो छापविला. आता या साधकाचे उरलेले आयुष्य शांतपणे जाईल, असेच कोणासही वाटले असते.

जुलै १८६०

त्या काळी तुर्की साम्राज्यात मोठी घालमेल चालली होती. १८५६ च्या शाही फर्मानाने मुसलमान व मुसलमानेतर प्रजा समान ठरविली होती. त्यापूर्वी ख्रिस्ती व ज्यू प्रजाजन ‘जिम्मी’, म्हणजे संरक्षित, मानले जात. जिझिया हा कर द्यावा आणि राज्यसत्तेने त्यांच्या जीविताचे, मालमत्तेचे व उपासनेचे रक्षण करावे, असा तो करार. त्यात रक्षण होते, पण बरोबरी नव्हती. नव्या फर्मानाने बरोबरी आली. परंतु लष्करी सेवेऐवजी भरावयाचा कर ख्रिस्ती लोक देईनात, यूरोपीय व्यापाराने काहीजण श्रीमंत झाले, आणि विणकर-कारागीर मुसलमानांचे धंदे बसले. असंतोषाची गवताची गंजी साचत होती. १८६० च्या मे-जून महिन्यांत लेबनॉनच्या डोंगराळ मुलखात द्रूझ व मारोनी ख्रिस्ती यांच्यात भयंकर यादवी झाली. हजारो ख्रिस्ती निर्वासित दमास्कसमध्ये लोटले, आणि त्यांच्यामागोमाग अफवाही आल्या.

अमीरांना संकटाची चाहूल आधीच लागली होती. त्यांनी तुर्की सुभेदार अहमद पाशा याला पुनःपुन्हा सावध केले, शहरातील प्रतिष्ठितांची मने वळविण्याचा यत्न केला, आणि आपल्या सुमारे हजार अल्जीरियन अनुयायांना सज्ज ठेवले. ९ जुलै रोजी ठिणगी पडली. रस्त्यावर क्रूसाची चित्रे काढून ख्रिस्ती लोकांचा अपमान करणाऱ्या काही मुसलमान पोरांना, साखळ्या घालून ख्रिस्ती वस्तीतील रस्ते झाडण्याची शिक्षा झाली. ते दृश्य पाहून जमाव खवळला. बघता बघता बाब तूमा भागातील घरे, चर्च व दुकाने पेटली. सुभेदाराचे सैनिक स्वस्थ राहिले. काही तर लुटीत सामील झाले.

अमीर त्या वेळी शहराबाहेर होते. वार्ता कळताच ते दौडत परतले. प्रथम त्यांनी यूरोपीय वकिलातींकडे धाव घेतली. फ्रान्स, रशिया, ग्रीस आदी देशांच्या प्रतिनिधींना त्यांच्या वाड्यात आसरा मिळाला. मग ते आपल्या मुलांना व अनुयायांना घेऊन जळत्या गल्ल्यांत शिरले. भिंतीआड, तळघरांत, विहिरींत दडलेल्या लोकांना हाका मारून बाहेर काढीत, आणि शस्त्रधाऱ्यांच्या दुतर्फा रांगांमधून वाड्यात आणीत. जोगिणी, धर्मगुरू आणि त्यांच्या शाळेतील अनाथ बालके असे सारे या वाटेने आले.

वाड्यात पाय ठेवण्यास जागा उरली नाही, तेव्हा जमाव दाराशी आला व ख्रिस्ती लोकांना आमच्या स्वाधीन करा, अशी ओरड करू लागला. अमीर बाहेर आले. त्यांनी आधी धर्मग्रंथाच्या आधारे समजाविले. एका निरपराध जिवाची हत्या ही कुराणाच्या दृष्टीने साऱ्या मानवजातीच्या हत्येसमान असल्याची आठवण दिली. तुम्हीच अल्जीरियात ख्रिस्ती लोकांची कत्तल केलीत ना, असे जमावाने त्यांना हिणविले. त्यांनी सांगितले की जे आपल्या भूमीवर शस्त्र घेऊन चालून आले त्यांच्याशी आपण लढलो. ज्यांनी आपले काही बिघडविले नाही अशा निःशस्त्र शेजाऱ्यांशी नव्हे. आपला एकही माणूस उभा आहे तोवर आतील एकाही जिवाला हात लागणार नाही, असे बजावून त्यांनी आपल्या सैनिकांना सज्ज होण्याची आज्ञा दिली. जमाव मागे हटला.

त्यानंतर अमीरांनी दवंडी पिटविली की जो कोणी ख्रिस्ती माणसाला जिवंत आणून देईल त्याला प्रत्येकी पन्नास पियास्त्र मिळतील. वाड्याच्या दरवाजाशी चटई अंथरून, पैशांची थैली जवळ ठेवून ते रात्रंदिवस बसून राहिले. झोप आली तर तेथेच डोळा लागे. लोक आणले जात, पैसे मोजले जात, आणि शंभर-शंभर माणसे जमली की अल्जीरियन पहाऱ्यात त्यांना किल्ल्यात पोचविले जाई. वाचकांच्या ध्यानी आले असेल, की वीस वर्षांपूर्वी रणांगणावर घालून दिलेला नियमच अमीरांनी येथे पुन्हा लागू केला होता. ज्याला लोभ आहे त्याच्या लोभालाही जीवदान देण्याच्या कामी जुंपावे, ही व्यवहारकुशलता त्यात होती.

कत्तल सुमारे आठवडाभर चालली. मृतांचा आकडा निश्चित सांगता येत नाही. तो कित्येक हजारांचा होता एवढे खरे. फ्रान्सिस्कन मठातील आठ साधू व तीन मारोनी बंधू त्यांत होते. २० ऑक्टोबर २०२४ रोजी रोम येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. अमीरांनी वाचविलेल्यांची संख्याही हजारांत आहे. काही अंदाज ती दहा हजारांच्या वर नेतात. या पुण्यकार्यात अमीर एकटे नव्हते. शहराच्या मैदान नावाच्या पेठेतील मुसलमान पुढाऱ्यांनीही आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना सुखरूप राखिले. अहमद पाशाला पुढे तुर्की सरकारनेच गोळ्या घालून देहान्त शासन दिले.

हक्क कोणाचा, देणे कोणाचे?

जगभरातून अमीरांवर सन्मानांचा वर्षाव झाला. फ्रान्स, रशिया, ग्रीस, प्रशिया, तुर्कस्तान आणि पोप यांनी मानचिन्हे धाडली. अमेरिकेहून सोन्याचे नक्षीकाम केलेल्या पिस्तुलांची जोडी आली. कॉकेशसमध्ये रशियाशी पाव शतक लढून बंदिवासात पडलेले इमाम शामिल यांनी तेथून अभिनंदनाचे पत्र लिहिले. ख्रिस्ती सत्तेशी लढलेल्या दोन मुसलमान वीरांनी ख्रिस्ती जिवांच्या रक्षणाविषयी एकमेकांना लिहावे, हा योग अपूर्व म्हटला पाहिजे.

अल्जिअर्सचे तेव्हाचे बिशप पावी यांनी आभाराचे पत्र धाडले, त्याला अमीरांनी १८६२ मध्ये दिलेले उत्तर सर्वांत मोलाचे आहे. आपण जे केले त्याची त्यांनी दोन कारणे दिली : एक, इस्लामी धर्मशास्त्राने घातलेले बंधन, आणि दुसरे, मानवतेच्या हक्कांविषयीचा आदर. सर्व जीव हे ईश्वराचे कुटुंब आहे आणि त्या कुटुंबाचे अधिकाधिक भले करणारा ईश्वराला अधिक प्रिय, अशी पैगंबरांची शिकवण त्यांनी स्मरणास आणून दिली. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा निघाला तो १९४८ मध्ये. दमास्कसमधील एका सूफी साधकाने मानवतेच्या हक्कांचा उच्चार आपल्या धर्मशास्त्राच्या जोडीने केला, तो त्याच्या शहाऐंशी वर्षे आधी.

आपल्या मराठीतील ‘हक्क’ हा शब्द मूळ अरबीच आहे. अरबीत त्याचा अर्थ अधिकार असा होतो, सत्य असाही होतो, आणि ईश्वराच्या नामांतही त्याची गणना आहे. इस्लामी धर्मशास्त्र हक्कांचे दोन भाग मानते : ईश्वराचे हक्क आणि त्याच्या बंद्यांचे, म्हणजे माणसांचे, हक्क. नमाज, रोजा यांत कसूर झाली तर ईश्वर आपल्या करुणेने क्षमा करील. परंतु माणसाचा हक्क बुडविला, कोणाला नाडले वा मारले, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा केल्यावाचून सुटका नाही, असे धर्मशास्त्री सांगत आले आहेत. या विचारात हक्काची सुरुवात देण्यापासून होते. माझे काय, या प्रश्नाआधी माझ्याकडे कोणाचे काय देणे आहे, हा प्रश्न येतो. ऋण फेडल्यावाचून मोक्ष नाही असे मानणाऱ्या आपल्या घरांना ही भाषा परकी वाटू नये.

अर्थात आजचा समान नागरिकत्वाचा विचार अमीरांच्या मुखी घालणे हे इतिहासाला सोडून होईल. त्यांनी हाती धरला तो जुना रक्षणाचा करार. फर्मानाने दिलेली कागदावरची समता सुभेदाराच्या हातून एकाही जिवाला वाचवू शकली नाही. आणि जुना करार, अपुरा असूनही, तो धर्म म्हणून पाळणारा एक माणूस उभा राहिल्याने हजारो जीव वाचले. कायदा हवाच, पण तो आपले देणे मानून पाळणारी माणसे नसतील तर त्याची अक्षरे निर्जीव राहतात, हेच दमास्कसच्या त्या आठवड्याने दाखविले.

अखेरची वर्षे

सीरियात अरबांचे राज्य स्थापून अमीरांना त्याच्या गादीवर बसवावे, असे बेत फ्रान्समध्ये शिजत होते. अमीरांनी त्यांत रस घेतला नाही. ते पुन्हा हजला गेले आणि मक्का-मदीना येथे दीर्घकाळ साधनेत राहिले. १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्‍घाटन सोहळ्यास ते उपस्थित होते. १८७१ मध्ये अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध मोठा उठाव झाला व त्यांच्या एका पुत्राने त्यात उडी घेतली, तेव्हा त्यांनी शपथेला जागून त्याला पाठिंबा नाकारला. याबद्दल स्वदेशीयांपैकी काहींनी त्यांना दोष दिला, आणि त्या दोषात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. दिलेला शब्द आणि मातृभूमीची हाक यांत त्यांनी शब्दाची निवड केली. तिची किंमतही त्यांनीच मोजली.

मे १८८३ मध्ये दमास्कस येथे अमीरांनी देह ठेविला. इब्न अरबी यांच्या समाधीशेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, आणि १९६६ मध्ये त्यांच्या अस्थी सन्मानपूर्वक अल्जिअर्सला नेण्यात आल्या. आज तेथे त्यांना राष्ट्राचे संस्थापक मानतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात एल्काडर नावाचे एक छोटे गाव आहे. १८४६ मध्ये, म्हणजे अमीर अजून रणांगणात असतानाच, तेथील वसाहतवाल्यांनी त्यांच्या शौर्याची कीर्ती ऐकून आपल्या गावाला त्यांचे नाव दिले.

अमीरांनी अनेक लढाया जिंकल्या व अखेर युद्ध गमावले. त्यांचे राज्य गेले, नाणी वितळली, कारखाने उद्‍ध्वस्त झाले. टिकून राहिले ते त्यांनी दाराशी अंथरलेल्या चटईचे पुण्य. ज्यांचे आईबाप, आजेपणजे त्या दारातून आत गेले, त्यांचे वंश आजही जगात नांदत आहेत. आणि जेथे जेथे जमाव शेजाऱ्याच्या दाराशी जमतो, तेथे तेथे कोणी तरी उंबरठ्यावर येऊन उभे राहावे, एवढीच त्या चरित्राची मागणी आहे.